शैलाताईंचा खांदा

जालन्यात पियानो शिकवणारं माणूस एकच आणि ते म्हणजे आपण, याबद्दल शैलाताई अंबेकरांना तीस वर्षांत कधी शंका आली नव्हती. बाकीचे कीबोर्ड शिकवायचे. कीबोर्ड म्हणजे शैलाताईंच्या लेखी खेळणं. एक बटण दाबलं की तबला, दुसरं दाबलं की बासरी, आणि वाजवणाऱ्याला दोन्ही येत नाही!

त्यांच्याकडे मात्र खरा लाकडी पियानो होता आणि त्यावर त्या रोज पहाटे दोन तास बसत. शिकवताना हातात पेन्सिल असे. विद्यार्थ्याचं मनगट खाली गेलं की पेन्सिल वर जाई.

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या हाताचं चौथं बोट बधिर पडायला लागलं. आधी वाजवून झाल्यावर, मग वाजवतानाच. कोपरापासून मनगटापर्यंत आग व्हायची. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सहा आठवडे पियानोला हात लावू नका म्हणून सांगितलं.

"विश्रांती म्हणे," घरी येताना गाडीत शैलाताई फणकारल्या. "ह्यांना दुसरं औषध येतच न्हाई."

गाडी चालवणारे त्यांचे यजमान शरदचंद्र काही बोलले नाहीत. ते बियाण्यांच्या कंपनीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, मूळचेच कमी बोलणारे. पण चार दिवसांनी सकाळी फिरून येताना त्यांनी एक रंगीत पत्रक आणलं आणि बायकोच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून दिलं.

'प्रवाही पियानो. वादकांचा हात, श्वास आणि मन यांसाठी प्राचीन चिनी ताओ विचारांवर आधारित दोन दिवसांचं शिबिर.' खाली पांढऱ्या कुडत्यातल्या, डोळे मिटलेल्या तरुणाचा फोटो आणि नाव, अद्वैत.

शैलाताईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि त्यांना हसूच फुटलं. "अहो, हा तो! लाकडी हाताचा!"

अद्वैत त्यांच्याकडे दोन वर्षं येत होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत. पोरगं मन लावून करायचं, पण बोटं जड. शेवटी एके दिवशी, त्याचे वडील न्यायला आले असताना, आठ मुलांसमोर शैलाताईंनी सांगून टाकलं होतं, "याला सळईच्या कारखान्यात घाला. हात त्याच कामाचे आहेत." वडील एमआयडीसीत त्याच कामाला होते. ते मान खाली घालून मुलाला घेऊन गेले. अद्वैत पुन्हा आला नाही.

"मी जाणार," शैलाताई म्हणाल्या. "किती पाण्यात आहे ते बघते तरी."

शिबिर अंबड रस्त्यावर, मोसंबीच्या बागेतल्या एका बंगल्यात होतं. हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, मधोमध पितळी वाटी आणि कोपऱ्यात एक इलेक्ट्रिक पियानो. पियानोला कोपरा आणि वाटीला मध्य, यातच शैलाताईंना सगळं कळलं. त्या मुद्दाम खुर्ची मागवून बसल्या. शरदचंद्र मात्र मुकाट चादरीवर टेकले.

माणसं अकरा होती. दोन शाळकरी मुली, त्यांच्या आया, बाकी कीबोर्डवाले. शैलाताईंच्या शेजारी अंकुशनगरचा भारत बसला होता. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. "सीझनला सात-सात तास वाजवून राह्यलो मॅडम," तो आपला फुगलेला अंगठा दाखवत म्हणाला. शैलाताईंनी अंगठ्याकडे पाहिलं आणि खुर्ची जराशी पलीकडे सरकवली.

अद्वैतनं वाटी एकदा टणकन वाजवली आणि उचलली. "वाटीचा उपयोग कशात आहे? तिच्या पोकळीत. पोकळी नसती तर तिच्यात काहीच मावलं नसतं."

"पोकळी डोक्यात पण असते," शैलाताई म्हणाल्या. त्यांच्या मते हळू.

अद्वैतच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो पुढे बोलत राहिला. पाणी कसं खडकाशी भांडत नाही, बाजूनं निघून जातं. जुने चिनी ज्ञानी लोक म्हणत, ओढूनताणून करू नका, जे होतंय त्याच्याबरोबर व्हा. मग सगळ्यांनी डोळे मिटून आपण नदी आहोत असं समजायचं होतं. शैलाताईंनी डोळे उघडेच ठेवले आणि दहा माणसं नदी होताना पाहिली. त्यांचा नवरा त्यात सगळ्यात चांगली नदी झाला होता. त्याला झोप लागली होती.

शेवटी भारतनं हात वर केला. "सर, पाण्यासारखं व्हा म्हणता ते बराबर. पण नवरदेवाचे दोस्त बोंबलतात, जोरात वाजव म्हणून. मंग पाण्यानं काय करायचं?"

शैलाताई पहिल्यांदा मनापासून हसल्या. अद्वैतही हसला. "आवाजाचं बटण वाढवा, भारतभाऊ. बोटाचा जोर न्हाई."

दुपारी त्यानं शैलाताईंना पियानोपाशी बोलावलं. माझ्या पहिल्या गुरू, असं म्हणाला. शैलाताई उठल्या. सहा आठवड्यांपैकी दोनच झाले होते, पण या लोकांना वाजवणं म्हणजे काय ते एकदा दिसायलाच हवं होतं. त्यांनी सगळ्यात वेगवान तुकडा धरला. पाचव्या ओळीला चौथं बोट मेलं. सूर चुकला, मग पुढचा, मग हात थांबला.

"पियानो हलका आहे तुझा," त्या म्हणाल्या.

अद्वैत त्यांच्या मागे उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, एक पट्टी दाबा. एकच."

त्यांनी दाबली. सूर निघाला आणि विरत गेला. शैलाताईंचं बोट पट्टीवर तसंच रुतलेलं होतं.

"सूर निघून गेला, मॅडम. आता कोणाला दाबून राह्यलात?"

शैलाताईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. नख पांढरं पडलं होतं.

"हे खांद्यातून येतं," तो म्हणाला. "उजवा खांदा वर असतो तुमचा. तेव्हाही असायचा. मी दोन वर्षं मागच्या बाकावर बसून तोच बघत होतो."

शैलाताई उठल्या, पर्स घेतली आणि शरदचंद्रांना म्हणाल्या, "चला." दुसऱ्या दिवशी शरदचंद्र एकटेच गेले.

नवरा घरी नाही हे बघून त्या पियानोवर बसल्या. एक पट्टी. सूर निघाला की बोट सैल. पुन्हा. खांदा आपोआप वर जायचा, तो त्या शिव्या घालून खाली आणायच्या. पोरकट प्रकार, असं म्हणत त्यांनी पाऊण तास तो केला. कोपराची आग झाली नाही. याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी झाकण आपटून बंद केलं.

मग तीन आठवडे त्या दार लावून हेच करत राहिल्या. बधिरपणा कमी झाला. चौथ्या आठवड्यात पूर्ण तुकडा वाजला.

त्यांची विद्यार्थिनी स्वरा नऊ वर्षांची. तिचा खांदाही वर जात होता. शैलाताईंनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "सूर निघाला ना? मंग सोड आता." पोरगी लगेच सैल झाली.

तिची आई कल्याणी बघत होती. "किती छान सांगता मॅडम! कुठं शिकलात हे?"

"मीच शोधून काढलं," शैलाताई म्हणाल्या.

"तो अद्वैत म्हणून कोणी आहे ना, तोपण असंच काहीतरी..."

"त्याला काय येतंय! वाट्या वाजवतो."

शरदचंद्र खिडकीपाशी पेपर वाचत होते. ते उठून आत गेले. मायलेकी गेल्यावर शैलाताई स्वयंपाकघरात आल्या. ते ओट्याला टेकून उभे होते.

"काय झालं?"

"तू त्या पोराला हाकललंस तेव्हा मी घरातच होतो," शरदचंद्र म्हणाले. "बोललो न्हाई. आज पण बोललो न्हाई. दोन्हीची लाज वाटून राह्यली."

तीस वर्षांत त्यांनी इतकं सलग बोलल्याचं शैलाताईंना आठवेना. मग बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी पत्रकावरचा नंबर लावला.

"अद्वैत? अंबेकर मॅडम. ते बोट सोडायचं सांगितलंस ते बराबर आहे. माझा हात बरा झाला. त्या वेळी तुझ्या वडिलांसमोर जे बोलले ते चूक होतं. त्यांना सांग."

"बाबा न्हाईत आता, मॅडम. चार वर्षं झाली."

शैलाताई खुर्चीत बसल्या. काय म्हणावं सुचेना, आणि न सुचणं त्यांना सहन होत नसे. "बाकीचं सगळं भंपक आहे तुझं," त्या म्हणाल्या. "वाटी काढ. पियानो मधे आण. माणसांना नदी करू नको, झोपतात. आणि स्वतः वाजव, त्या दिवशी पियानोला हातसुद्धा लावला न्हाईस, घाबरतोस कशाला? डावा हात कच्चा आहे, ते न वाजवताही दिसतं."

"मॅडम, जरा हळू सांगा. लिहून घेऊन राह्यलो."

टिंगल करतोय की काय, म्हणून त्यांनी कान दिला. खरंच पेनाचा आवाज येत होता. त्या आणखी वीस मिनिटं बोलल्या.

फोन ठेवून त्या आत आल्या. "लिहून घेतो म्हणे," त्या शरदचंद्रांना म्हणाल्या. "लिहून काय होतंय? शनिवारी ये म्हटलंय. डावा हात तरी बघू."