आधी ऊन, मग सावली

मित्रांनो, उन्हाशी मैत्री करता करता म्हातारी झालेली मी प्लॅस्टिकची एक बाटली आहे. माझी कांती आता धुरकट झाली आहे आणि अंगावरच्या ओरखड्यांतून पलीकडचे जग धुक्यातल्यासारखे दिसते. तरीही ही कहाणी म्हणजे रडगाणे नव्हे. जिच्या पोटातून रोज उजेड आरपार गेला, तिने कुरकुर कशाला करावी?

बोटाएवढ्या जाड नळीला ऊब देऊन यंत्राने तिच्यात फुंकर घातली आणि त्या एका श्वासात मी आकाराला आले. मग माझ्यात फसफसते गोड पेय भरले गेले. लोकांनी ते घटाघटा पिऊन माझे कौतुक केले, पण ढेकर येईपर्यंतच! त्यानंतर मी शिवणकामाच्या एका कारखान्याच्या पायरीखाली पडून राहिले. रिकामेपण हेच आपले प्राक्तन, असे मी धरून चालले होते.

तिथून मला एका घरच्या सूनबाईंनी उचलले. त्या कारखान्यात काजे-बटणे करीत. त्यांची लेक एका जागी कधी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पण पाण्यामुळे तिचे पोट वरचेवर बिघडे, आणि मग ही भिंगरी चटईवर निपचित थांबलेली असे. रोज पाणी उकळावे एवढे इंधन घरात नव्हते. तेव्हा आरोग्यसेविकेने एक साधा उपाय सांगितला.

"पारदर्शक बाटली घ्या, वरचा कागद काढून टाका. गाळलेलं, नितळ पाणी भरा आणि पत्र्यावर आडवी ठेवा. सकाळपासून भिंतीची सावली उंबऱ्याला लागेपर्यंत. ढग असतील तर सलग दोन दिवस. उन्हाच्या किरणांनी जंतू मरतात."

दुसऱ्याच दिवशी आम्ही चार बाटल्या छपरावर आडव्या झालो. शेजारच्या काकूंना राहवले नाही.

"काय गं, आतून ओल्या राहिल्या म्हणून वाळत घातल्यास?"

"हो ना काकू. वाळल्या की घड्या घालून कपाटात ठेवणार आहे!"

मित्रांनो, उन्हात निजण्याचे सुख मी कसे सांगू? सूर्य माझ्यात उतरे, पाण्यातून चालत जाई आणि खालच्या पत्र्यावर सोनेरी लाटा उमटवी. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडत आहोत, ही जाणीव रिकामेपणाच्या पलीकडून मला हाक मारीत असे.

पण ते सुख माझ्या वाट्याला तासभरच येई. सूनबाई कामावर गेल्या की त्यांच्या सासूबाई, म्हणजे भिंगरीच्या आजी, शिडी लावून, पदर खोचून वर येत. "बाई बाई, काय हे ऊन! पोरी भाजून निघाल्या," असे पुटपुटत त्या आम्हाला खाली नेत आणि जिन्याखालच्या काळोखात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. त्यांच्या मायेचा स्पर्श गार होता, आणि त्या गारव्यात जंतू सुखाने नांदत होते. मला ते कळत होते. पण बाटलीला तोंड असून बोलता कुठे येते?

भिंगरी पुन्हा आजारी पडली. काकू म्हणाल्या, "उन्हानं कुठं पाणी शुद्ध होतं?" सूनबाईंचा धीर सुटला. सकाळी आम्हाला छपरावर ठेवताना त्या खिन्नपणे म्हणाल्या, "आजचा दिवस शेवटचा. उद्या भंगारवाल्याला देऊन टाकते."

त्याच दुपारी वीज गेली, कारखाना लवकर सुटला आणि सूनबाई घरी आल्या. छप्पर मोकळे होते.

"आई, बाटल्या कुठे आहेत?"

"त्या होय? खाली आणल्या. रोजच आणते."

"रोज?"

"मग! माझी नात काय ऊन-ऊन पाणी पिणार?"

"आई, संध्याकाळी खाली उतरवता, असं वाटत होतं मला. अहो, ऊन हेच तर त्यांचं औषध आहे."

आजींचा हात फडक्यावरच थबकला. त्यांनी चटईकडे पाहिले. "म्हणजे मीच गं पोरीला..."

चटईवरून बारीक आवाज आला. "आजी, पण अंघोळीच्या आधीच कुणी टॉवेल गुंडाळतं का?"

सूनबाई हसल्या, आजी रडता रडता हसल्या आणि जिन्याखालचा काळोखही थोडा उजळल्यासारखा वाटला. त्या दिवसापासून घराचा नेम ठरला : आधी ऊन, मग सावली. पाणी शुद्ध होई सूर्यामुळे आणि गार होई आजींच्या फडक्यामुळे. भिंगरी हळूहळू अशी गरगरू लागली, की काकूंनीही एक दिवस चार बाटल्या मागून नेल्या. "घड्या न घालता दे हो," असे वर म्हणाल्या!

मित्रांनो, आमच्यासारख्यांना आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा. अंगावर ओरखडे वाढले की उजेड आत नीट शिरत नाही. तेव्हा मायेपोटी आम्हाला छपरावर ठेवू नका, तिथे नव्या बाटल्या येऊ द्या. पण उकिरड्यावरही टाकू नका. आजींनी माझ्या झाकणाला सुईने भोके पाडली. आता त्या माझ्यातून फडक्यावर पाणी शिंपडतात. उन्हातले माझे दिवस सरले, सावलीतले सुरू झाले.

अजूनही रोज दुपारी आजी मला हातात घेऊन शिडीपाशी उभ्या राहतात आणि चुळबुळत विचारतात, "झालं का गं त्यांचं?"

भिंगरी उंबऱ्यावर बसून पुढे सरकणारी सावली निरखते आणि ठसक्यात सांगते, "अजून नाही, आजी. भाजू दे जरा!"