दादाचं कृपादान

"प्रभूची स्तुती असो! आजी झालात!" दादा एवढ्या मोठ्याने म्हणाला, की चर्चच्या दारापर्यंत गेलेली माणसं मागे वळली. मावशींचे दोन्ही हात धरून तो हलवत होता आणि हसत होता.

मावशी म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांचे कपडे शिवणाऱ्या. त्यांची लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. नुकतीच उपासनेत तिच्यासाठी प्रार्थनाही झाली होती. मावशी दवाखान्यातूनच आल्या, तडक दादाशेजारी बसल्या आणि तोंडावर रुमाल दाबून त्यांनी सांगितलं, की बाळ गेलं. मी मागेच गीतांची पुस्तकं गोळा करत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. आणि माझा सख्खा भाऊ अभिनंदन करत होता.

मावशींचं रडूसुद्धा थांबलं. हात सोडवून घेऊन त्या निघून गेल्या. दादा खुळ्यासारखा आमच्या तोंडांकडे बघत राहिला. शेवटी वहिनीच पुढे झाली. "यांना ऐकू येत नाही हो," ती म्हणाली. "काहीच येत नाही. दोन वर्षं झाली. लेक बाळंतपणाला गेलीय एवढं मी सांगितलं होतं, त्यावरून म्हणाले."

दादाचा जन्म कारखान्यात पत्रे ठोकण्यात गेला. त्याचे कान जड आहेत हे ठाऊक होतं, पण इतके? घरी अर्धी उत्तरं वहिनी परस्पर द्यायची, उरलेलं तो ओठ बघून भागवायचा. आणि चर्चमध्ये तर त्याला कुणी काही विचारतच नसे. त्याला गाता येत नव्हतं, बोध करता येत नव्हता. उपासनेनंतर तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि ज्याच्या मनात काही सलत असेल तो त्याच्याजवळ जाऊन बसायचा. दादा मान डोलवत राहायचा. मध्ये बोलत नसे, उपदेश पाजत नसे, ऐकलेलं कधी बाहेर जात नसे. शेवटी हात धरून प्रार्थना करायचा, बस. हे सांत्वनाचं कृपादान आहे, देवाने दिलेली देणगी, यावर आपली मंडळी टिकून आहे, असं चर्चचे पाळकसाहेब नेहमी म्हणायचे. आता रडणारा माणूस मान खाली घालतो, तोंड झाकतो. ओठ दिसणार कसे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि मी? गेल्या वर्षी नवरा घर सोडून गेला तेव्हा मी आईलाही जे सांगितलं नाही, ते त्या बाकावर सांगितलं होतं. भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं. घरी येताच मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, का लपवलंस?

"मला दुसरं येतं काय?" दादा म्हणाला. "हेही काढून घेतलं असतं तुम्ही."

ते खरं होतं. राग मात्र गेला नाही.

आठवडाभर मंडळीत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे फसवलं, कुणाला आपलं गुपित गुपितच राहिलं याचं हायसं वाटलं. पाळकसाहेब घरी येऊन, थोडे दिवस विसावा घ्या, असं गोड शब्दांत सांगून गेले. त्याचा अर्थ न कळायला दादा काही लहान नव्हता.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर तो बाकाकडे गेला नाही. सरळ मावशींच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या काळ्या साडीत मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, आता या थोबाडीत देणार, आणि द्यावीच.

"मला ऐकू येत नाही," दादा म्हणाला. आवाज किती चढलाय ते त्याला कळत नव्हतं. "त्या दिवशी मी तुमचं ऐकलंच नाही. गेल्या दोन वर्षांत कुणाचंच ऐकलं नाही."

मावशी उठल्या. त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला, चेहरा अगदी त्याच्यासमोर आणला आणि सावकाश सांगायला लागल्या. बाळ गेलं. मुलगी होती. लेकीला बाळाचं तोंडही दाखवलं नाही, ती अजून रोज मागते. त्यांचे ओठ थरथरत होते.

दादाने या वेळी मान डोलावली नाही. "शेवटचं समजलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

मावशींनी पुन्हा सांगितलं.