पाद्र्यांच्या अभ्यासिकेतील ओल

क्लिफर्ड ओल्डरॉइड गुडघे टेकून भिंतीशी बसला आणि ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढू लागला. कालच्या रेघेपलीकडे ओल दोन बोटे सरकली होती.

"भिंतीला झबलं शिवताय की काय?" वरच्या मजल्यावरची एडना दारातून म्हणाली.

"आश्रम चालवणारी ती हेस्केथबाई पाणी मारते. आपण जेवायला गेलो की."

"ती कशाला मारेल?"

"मला मागच्या नव्या इमारतीत ढकलायला. ही खोली तिला कुणा बड्याच्या आईला द्यायची असणार."

"परवा म्हणालात, ती तुमचं दूध पातळ करते. बाईला पाण्याशिवाय दुसरा उद्योगच नाही जणू!"

क्लिफर्ड हसला नाही. चर्चने विकलेल्या या पाद्रीनिवासाचा वृद्धाश्रम करताना मोठी दालने मधोमध आडभिंती घालून विभागलेली होती. त्यांतील या एकाच खोलीतून दफनभूमीचा तो कोपरा दिसे, जिथे त्याची विनिफ्रेड विसावली होती. ही खोली तो जिवंतपणी सोडणार नव्हता.

दुपारी तो जेवायला गेलाच नाही. कपाटाआड उभा राहिला. काही वेळाने हेस्केथबाई खरोखरच आत आली. तिच्यामागे हातोडी घेतलेला एक गृहस्थ होता.

"सापडलात!" क्लिफर्ड गरजला.

"अहो आजोबा, केवढ्यानं दचकवलंत! हे टॉमलिन, ओल तपासायला आलेत."

टॉमलिनने भिंतीवरचा कागद सोलला. आत दाराच्या घडीव दगडी बाजू दिसल्या, आणि त्यांमध्ये दडपून भरलेले विटांचे काम.

"गावकऱ्यांचं दार," तो म्हणाला. "पाद्र्यांच्या अभ्यासिकेला असायचंच. चिखलाचे बूट घरातून जायला नकोत ना."

"ते दार पलीकडच्या खोलीत होतं," क्लिफर्ड पुटपुटला.

"आडभिंतींमुळे तसं वाटतं. आणि हे बघा, सिमेंट! या दगडाला चुनाच हवा. ओल कोंडली आत. कुण्या गाढवाचं काम आहे."

क्लिफर्डने अंगठा सांध्यावरून फिरवला. सांधा खालच्या बाजूला किंचित तिरपा दाबलेला होता. त्या प्रकारे सांधा दाबणारा गवंडी साऱ्या खोऱ्यात एकच होता.

त्याने हात खिशात घातला. कामावरचे सोबती केव्हाच गेले होते. आता विचारणारे कोणी नव्हते.

टॉमलिनने सर्वांत वरच्या विटेवर छिन्नी टेकवली. माथ्यावर, जेवून परतलेल्या एडनाची खुर्ची करकरली.

"थांबा," क्लिफर्ड म्हणाला. "आधी टेकू द्या. वर तुळई नाही."

"दारावर तुळई नसेल कशी?"

"होती. ओकची, चांगली टणक. वरचा भार विटांवर घेतला आणि ती मी काढून नेली."

"कुठे?"

"घरी. शेकोटीवर बसवली. विनिफ्रेड तिच्यावर पितळी घोडे मांडायची. चर्चनं दिली, असं सांगितलं होतं मी तिला."

टॉमलिनने छिन्नी अलगद खाली घेतली.

"एडनाला खाली बोलवा," क्लिफर्ड म्हणाला, आणि खोली सोडायची म्हणून पलंगाखालची कपड्यांची पेटी ओढण्यासाठी वाकला.