बंदुकीची राखण

बद्रीनाथच्या घरात पहिला मान बंदुकीचा, माणसांचा त्यानंतर. तीर्थपुरीच्या बाजारात त्याला नावानं कोणी हाक मारत नसे, ‘बंदूकवाले’ म्हणत. त्याची बायको दैवशाला आपसूकच ‘बंदूकवाल्या काकू’ झाली. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. तेवढे दिवस बद्रीनाथ कवळी हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा तोंड मिटून बसे. बंदूक कशाला पाहिजे असं कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं.

“शेतात वस्ती आपली. घरात बायामाणसं. राखणीला नको का?”

एवढ्या वर्षांत त्या राखणदारणीनं मारलं काय, तर पाण्याची एक टाकी. ज्याच्यावर बार काढला ते रानडुक्कर टाकीमागून निवांत चालत गेलं होतं.

खंडेनवमीला मात्र तिचा थाट बघावा. देवघरात पाटावर मधोमध ती, गळ्यात झेंडूची माळ. बाजूला कुऱ्हाड, कोयता, खुरपं, आणि अगदी कडेला, भिंतीला चिकटून, दैवशालाची विळी. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. दसऱ्याला शिवेवर जाऊन एक बार काढायचा, ही बद्रीनाथच्या वडलांपासूनची रीत. हौसेचा बार आता कायद्यानं बंद झालाय, हे फौजदार दरसाल बजावून सांगे. बद्रीनाथ दरसाल मान हलवे आणि नवमीलाच नळीत काडतूस भरून ठेवी.

“भरली कशाला आतापासून?” दैवशालानं एकदा विचारलं होतं.

“सवाशिणीला रिकाम्या ओटीनं बसवतेत का पाटावर?”

तिची स्वतःची ओटी कोणी इतक्या आठवणीनं भरली नव्हती.

यंदाच्या नवमीला ती दुपारची ओसरीत पुरणाची डाळ निवडत बसली होती. सासू सगुणाबाई आत आडव्या झाल्या होत्या, बद्रीनाथ जेवून घोरत होता. गोठ्यामागं खडखड वाजली. बघते तर प्रेम, कापूस वेचायला येणाऱ्या केशरबाईचा पोरगा. मिसरूड फुटलेला, अंगानं काडी. खांद्यावर विहिरीवरच्या मोटारीच्या जुन्या केबलचं वेटोळं. उन्हाळ्यात मोटार जळाली तेव्हापासून ती केबल तिथंच पडून होती.

“आरं प्रेम, काय करून राह्यला तू?”

पोरगा पळाला. तिच्या आवाजानं बद्रीनाथ उठला. त्यानं बायकोला विचारलं नाही, कोण आहे बघितलं नाही. गावात महिनाभर चोरांच्याच गोष्टी चालल्या होत्या, आभाळातले दिवे, ड्रोन, काय न् काय. देवघरातून माळेसकट बंदूक उचलून तो पायरीवर आला. पोरगा तोवर अंगणाच्या टोकाला, कडुलिंबापाशी पोचला होता. पाठमोरा.

“आवो, केशरबाईचा हाय तो!” दैवशाला ओरडली.

बार झाला. माळ तुटली. झेंडूच्या पाकळ्या पायरीपासून अंगणभर उडाल्या.

लोक धावले, पोराला टेम्पोत घालून जालन्याला नेलं. बद्रीनाथ पायरीवरच बसून राहिला. पोलीस यायचे होते. आणि दैवशालानं काय केलं? तिनं झाडू घेतला. उद्या दसरा, दारात रक्त. तिनं अंगण झाडलं, शेणाचा सडा टाकला, वर रांगोळीसुद्धा काढली. डोकं जागेवर नसलं की बाईचे हात आपोआप रोजचं काम करतात.

फौजदारानं रांगोळीकडं बघून कपाळावर हात मारला. “काकू, पुरावा सारवला तुम्ही!”

बंदूक कापडात बांधून गेली, मागोमाग बद्रीनाथ. जाताना त्यानं धुतलेला सदरा घातला आणि बायकोला म्हणाला, “अंगद सांगंल तसं सांग.”

अंगद तिचा दीर, गावचा पुढारी. दसऱ्याच्या सकाळी तो जालन्याहून वामनराव वकिलांना गाडीत घालून घेऊन आला. वकिलांनी चहा घेतला, अंगण न्याहाळलं आणि ते खुशीत आले.

“हे बघा वहिनी, दिवसाढवळ्याची चोरी, त्यात चोर पळतोय. पळत्या चोराच्या पाठीत गोळी घालायचा हक्क कायदा देत नाही, मग घर आपलं असो की बंदूक लायसनची. रात्रीची घरफोडी असती तर बोलता आलं असतं.”

“मंग?” सगुणाबाईंनी विचारलं.

“बाईच्या अब्रूवर कोणी आलं, तर गोष्ट निराळी.”

अंगदनं घसा साफ केला. “वहिनी, तुम्ही एवढंच सांगायचं. घरात घुसला, तुमचा हात धरला, झोंबाझोंबी झाली. दादानं तुम्हाला सोडवलं. बस.”

“छर्रे तर पाठीत हायेत त्याच्या.”

“झटापटीत माणूस वळतो,” वकील म्हणाले. “डॉक्टरचं मी बघतो. किती लांब होता, कुठं उभा होता, हे आता फक्त तुम्ही सांगणार. अंगण तर तुम्हीच सारवलंय. बिलकुल देवासारखं काम केलंत.”

दैवशालानं वकिलांचा रिकामा कप उचलला. “अन् पोराचं?”

“चोरच हाय ना तो?” अंगद चिडला.

“चोर हाय. केबलचा. माझ्या हाताचा न्हाई. काकू म्हणून भाकर मागून खाल्ली त्यानं ह्याच ओसरीत.”

“अंगद, समजाव तिला,” सगुणाबाई रडायला लागल्या. “लेक तुरुंगात सडंल माझा. एक शब्द तर बोलायचाय. त्यानं बंदूक तुझ्यासाठीच तर आणली होती, तुझ्या राखणीला!”

दैवशाला हसली. हसायची वेळ नव्हती, पण आलं. जन्मभर ऐकलं, बाईच्या राखणीला बंदूक. आता बंदूक अडकली तर राखणीला बाई. आणि तिची अब्रू, जी आजवर कोणाच्या ध्यानातही नव्हती, ती एका सकाळीत घराची सगळ्यात कामाची वस्तू झाली होती.

दुपारी ठाण्यातली मोनाली नावाची जमादारीण जबाब घ्यायला घरीच आली. अंगद दाराला टेकून उभा राहिला. मोनालीनं त्याला अंगणात जायला सांगितलं, तर तो कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला आणि तिथून बघत राहिला.

“बोला काकू. अंगावर आल्ता का तो तुमच्या?”

दैवशालानं कडुलिंबाकडं बघितलं. बद्रीनाथ वाईट नव्हता. तिच्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसलेला माणूस तो. हे सगळं तिला त्याच वेळी आठवायचं होतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या अंगावर कोणीच आलं न्हाई. चोरी करून पळत होता. पाठमोरा होता. दीर जिथं उभा हाय ना आता, तिथं. मालक ह्या पायरीवर.”

“नक्की?”

“मी वरडले होते, केशरबाईचा हाय म्हणून. त्यांना ऐकू गेलं का न्हाई, ते त्यांना विचारा.”

अंगदची गाडी धुरळा उडवत निघून गेली. केशरबाईपर्यंत जबाब पोचला असेलच. पण दवाखान्यातून येणाऱ्यांनी सांगितलं, ती म्हणते, बंदूकवाल्याच्या घरचं खरंही नको अन् खोटंही. पोरगा चालेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

संध्याकाळी लोक सोनं वाटत फिरले. या दारी कोणी आलं नाही. दैवशालानं देवघरातल्या कडेची विळी उचलली.

“शिवू नगं!” सगुणाबाई आतून खेकसल्या. “दसरा सरू दे.”

“सरला आत्याबाई.”

तिनं पदरानं पात्यावरचं कुंकू पुसलं आणि भोपळा चिरायला बसली.

“कोणासाठी रांधती?”

“दोन डबे करते. एक ठाण्यात, एक दवाखान्यात.”

“कोणी खाणार न्हाई तुझ्या हातचं.”

“म्हाइत हाय,” दैवशाला म्हणाली, आणि भोपळ्याची दुसरी फाक पात्यावर धरली.