साबणाच्या डबीतला डोळा

“डबी नीट धरा, हलायलीय. अन् हसू नका.”

“हसू न्हाई तर काय करू? घरात सोन्याचा हंडा सापडल्यागत कॅमेरा बसवायलीस,” अंगद म्हणाला. पण बायकोचा चेहरा बघून त्यानं डबी घट्ट धरली.

दैवशालानं दातानं चिकटपट्टी तोडली. दाराला बाहेरचं माणूस बघायचं बोटाएवढं भिंग होतंच. तिनं साबणाच्या डबीला तापल्या सुरीनं भोक पाडलं, तडकलेल्या काचेचा जुना फोन आत उभा केला आणि त्याचा कॅमेरा बरोबर भिंगावर टेकवला. फटीतून उजेड शिरू नये म्हणून जुन्या चपलेच्या रबराची चकती घातली. ॲप फुकटचं. आता जिन्यात कुणी हललं, की त्याचं चित्र आवाजासकट तिच्या हातातल्या फोनवर येणार होतं.

“पण आपल्याकडं चोर कामून येईल?”

“चोर न्हाई हो. आण्णा खोटं बोलायलेत. ते बघायचंय मला.”

आण्णा म्हणजे तिचे वडील, वालूरचे आदिनाथ. सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. सेलूच्या बाजाराला आले की लेकीच्या हातचा चहा घेतल्याशिवाय एसटीत बसायचे नाहीत. दैवशाला दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून दिवसा घरीच झोपायची. तरी मागच्या दोन्ही बाजारांना फोनवर त्यांचं एकच उत्तर, “आलतो बाई, दाराला कुलूप व्हतं.” कुठलं कुलूप? ती तर आत होती! भावाच्या पोराच्या जावळाला तिला ड्यूटीमुळं जाता आलं नव्हतं. त्याचाच हा राग, अशी तिची खात्री झाली.

“राग असंल तर तोंडावर शिव्या द्या म्हणावं,” ती डबीवर मूठ आपटत म्हणाली. “माझ्या दाराला कुलूप कशाला घालता?”

बाजाराच्या दिवशी ती रात्रपाळीहून आली आणि आडवी झाली. गावात सप्ताह चालू होता. आदल्या सांजेला ड्यूटीवर जाण्याआधी ती घटकाभर कीर्तनाला बसली होती. बुवांनी घोंगडं पांघरून दारी आलेल्या देवाला ओळखण्यावर असं काही निरूपण केलं, की मृदंगसुद्धा हळू झाला. समोरच्या फ्लॅटचे श्रीरामकाका, बँकेतून निवृत्त झालेले, पहिल्या रांगेत टाळ धरून होते. उपरण्यात तोंड घालून हुंदके देत होते. दैवशालाच्याही डोळ्यांना धार लागली होती. शेजार किती चांगला मिळाला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

दुपारी जाग आली तेव्हा फोनवर चित्र आलेलं होतं.

आण्णा जिना चढून आलेले. खांद्यावर घोंगडं, हातात शेंगांचं फडकं. घंटीकडं त्यांचा हात जाणार, तोच समोरचं दार उघडलं.

“परत आलात?” श्रीरामकाकांचा आवाज. “मागंच सांगितलं होतं ना? खाली थांबून फोन करायचा. तुम्ही आलात की दिवसभर जिन्यात मेंढ्यांचा वास राहतो. आज आमच्याकडं बुवा जेवायला आहेत.”

“चुकलं साहेब,” आण्णांनी हात जोडले. “जातो.”

काका आत गेले. आण्णा मात्र तिच्या दाराशी आले, अगदी जवळ. भिंगात त्यांचा चेहरा फुगून वाकडा झाला. लेक झोपलीय का, याचा कान लावून कानोसा घेतला आणि फडकं तसंच घेऊन, पायरीला आवाज होऊ न देता ते उतरून गेले.

दैवशालानं नंबर लावला. “आण्णा, आलते का?”

“आलतो बाई. कुलूप व्हतं.”

तिनं फोन ठेवला आणि समोरच्या दारावर थाप मारली. आत पंगत बसली होती, साजूक तुपाचा वास येत होता. काका हात पुसत दारात आले.

“माझ्या बापाला माझ्या दारातून तुमी हाकललं?”

काकांनी तिच्या हातातलं चित्र बघितलं. “म्हणजे कॅमेरा? माझ्या दारावर नजर? कुणाची परवानगी घेतली? सोसायटीत विषय काढतो मी.”

“काढा! काल कुणासाठी रडायलते, काका? ते घोंगडं बुवांनी शब्दात पांघरलं तर तुमाला गहिवर येतो. खरं घोंगडं जिना चढलं की वास?”

“कोण आलंय?” आतून बुवांनी विचारलं.

“काही नाही महाराज, शेजारच्या आहेत,” म्हणत काकांनी दार लावून घेतलं.

ती तशीच, विस्कटल्या केसांनी, एसटी स्टँडवर धावली. आण्णा बाकावर बसले होते.

“चला आण्णा. त्याच जिन्यानं नेते तुमाला. बघू कोण अडवतंय.”

“आगं, कुलूप व्हतं म्हणून...”

“मी बघितलंय सगळं. दारातल्या फोनमधी आलंय. तुमी हात जोडायलते ते बी.”

आण्णांचं तोंड एकदम पडलं. मघा श्रीरामकाकांसमोर पडलं नव्हतं इतकं. फेट्याचं टोक ओढून ते उगाच दुसरीकडं बघू लागले.

“ते तू बघायचं नव्हतं बाई,” ते म्हणाले. “तुला रोज राहायचंय तिथं. म्हणून तर कुलूप घातलतं.”

आता संताप कुणावर काढावा हे तिला कळेना.

वालूरची गाडी लागली. आण्णांनी शेंगांचं फडकं तिच्या ओटीत टाकलं, तिच्याकडं न बघताच चढले. स्टँडच्या बाजूच्या खिडक्या रिकाम्या होत्या. ते पलीकडं जाऊन बसले, तिला तोंड दिसू नये अशी पाठ करून.

गाडीला वळसा घालून त्या खिडकीखाली उभं राहणं अवघड नव्हतं. दैवशालानं पाऊल उचललं, आणि परत जागेवर ठेवलं. गाडी हलेपर्यंत ती मान खाली घालून उभी राहिली.