कुंकू लावलेली बाहुली

माझ्या वडिलांचं, आण्णांचं, सामान न्यायला मी इंदापूरहून बारामतीला गेले, तेव्हा त्यांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. तिथल्या एका दूध प्रकल्पात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला आणि तिथंच, सकाळच्या चहानंतर, ते कोसळले.

व्यवस्थापक संदेश कागद घेऊन उभाच होता. "मॅडम, एवढी सही. सामान मिळालं म्हणून. फाइल बंद करायचीय."

कपाटात बूट, स्वेटर आणि घासून पालथा घातलेला डबा. वर भिंतीवर प्रथमोपचार प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, काचेच्या चौकटीत. त्यावर नाव दादासोकाकांचं. काका आण्णांचे पाळीतले सोबती. त्या दिवशी जवळ तेच होते.

दहाव्याला गावी, वरकुट्यात, विचारता आलं नव्हतं, ते आता विचारलं. "काका, नेमकं काय केलंत?"

"कांदा फोडून हुंगवला, बाय. तळपाय चोळलं. मला वाटलं फिट हाय. मग टेकून बसवलं, पाणी पाजाय बघितलं." ते बुटांकडे बघत होते. "छाती दाबायची, ह्ये शिकिवलं व्हतं. पण तीस येळा का पंधरा, ह्यातच अडाकलो. दोन वर्सं झाली की त्याला."

"मधे एकदाही सराव नाही?"

"प्रमाणपत्र मार्चपर्यंत चालतं, मॅडम," संदेश म्हणाला. "मुदत संपली की ट्रेनिंग लावणारच आहोत."

त्यानं ते अगदी सरळपणे सांगितलं. मुदत कागदाची होती.

प्रशिक्षणाच्या दिवशी आण्णा घरी येऊन हसत सांगत होते, कंपनीनं सरावाला बाहुली घेतलीय, हात न्हाय, पाय न्हाय, नीट दाबली की टक् वाजती. मी बाहुलीबद्दल विचारलं. काकांनी फडताळाच्या वरच्या कप्प्याकडे बोट केलं. बाहुली प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. कपाळाला काळपट पडलेलं कुंकू, गळ्यात झेंडूची वाळकी माळ.

"खंडेनवमीला पान्यांबरुबर हिचीबी पूजा केली," काका म्हणाले. "तवापास्नं वरच हाय. पूजेतल्या वस्तूच्या छातीवर हात कसा टाकायचा?"

"पान्यांचीही पूजा केलीत ना? दुसऱ्या दिवशी वापरलेत की."

"पान्याला डोळं नसत्यात, ताई," शेजारी उभा असलेला दीपक फिटर म्हणाला. "ही बघती."

कुणी हसलं नाही.

"खाली काढा," मी म्हटलं.

"मॅडम, शिफ्ट चालू आहे," संदेश म्हणाला.

"सही हवीय ना तुम्हाला?"

काकांनी माळ काढली, कुंकू पुसलं नाही. गुडघे टेकून दाबलं. हात पोटावर गेले होते.

"वर घ्या की जरा, काका. मधोमध," दीपक म्हणाला.

काहीच वाजलं नाही. काकांनी पुन्हा दाबलं, तरी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी खांद्यांतून भार टाकला आणि टक् वाजलं. ते थांबले.

"ह्यो आवाज. तवा पयल्या दणक्यात आला व्हता माझा. तुझ्या आण्णांनी टाळी दिली व्हती."

"थांबू नका!" माझा आवाज चढला. मी मोजू लागले. अठराला काकांचा दम संपला. मग दीपक बसला. मग मी संदेशकडे पाहिलं.

"मी ऑफिस स्टाफ, मॅडम."

"तुमच्यासमोर कुणी पडलं तर?"

त्यानं बाह्या दुमडल्या. त्याच्या हाताखाली बाहुली एकदाही वाजली नाही. त्या दिवशी छाती वेळेत नीट दाबली असती तरी आण्णा वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

बूट आणि स्वेटर पिशवीत भरले. डबा मी कपाटात परत पालथा ठेवला.

"हा राहिलाय, म्हणून सही नाही. एक तारखेला न्यायला येते. बाहुली खालीच ठेवा."

"आन् त्या दिशी नेशील न्हवं?" काकांनी विचारलं.

"तिघांचं वाजलं तर. नाहीतर पुढच्या एक तारखेला."

"अहो, पण मग फाइल उघडीच राहील," संदेश म्हणाला.

"राहू द्या," मी म्हटलं.