हरळी कापायची मशीन

जल्मभर माझ्या बापानं रानातली हरळी खणून काढली, अन् माझ्या लेकाच्या नशिबी ती पाळायची नोकरी आली. अंबडला मुन्सफसाहेबांच्या बंगल्यापुढं हरळीचं मैदान होतं. माझा मच्छिंद्र तिथला माळी. माघात तो आंब्यावरून पडला अन् उजवा हात कामातून गेला. साहेबांना आम्ही कळू दिलं न्हाई. साहेब कचेरीत गेले, की विळा घेऊन मीच बसायची. कळलं असतं तर नोकरी गेली असती, अन् तिच्यासंगं बंगल्यामागची खोली. दुसरं छप्पर आम्हाला नव्हतं.

एक दिवस साहेब म्हणाले, "मच्छिंद्र, मैदान काय उंदरानं खाल्लं का? जुम्याला औरंगाबादचे सुभेदारसाहेब चहाला येणार. जालन्याहून गवत कापायची मशीन आण, मजबूत बघून. तरी बराबर झालं न्हाई, तर हैदराबादचा माळी बोलावतो."

जालन्याला मी संगं गेले. ओच्यात हरळीचा मुळासकट गड्डा घेतला. शिवनारायणशेठच्या दुकानी दोन मशिनी होत्या. एक मोठी, नवीकोरी. दुसरी लहान, रंग उडालेली, छावणीतल्या गोऱ्यानं विकलेली.

"मोठी घ्या, माय. नातू वापरतील," शेठ म्हणाले.

"नातवाचं नातू बघंल. आधी हे कापून दाखवा." मी गड्डा त्यांच्या गादीपुढं ठेवला.

"अरे राम! हे दुकान हाय का वावर?"

"वावर असतं तर एवढा कचरा मी पडू दिला नसता."

शेठ हसले, पण उठले. अंगणात गड्डा रोवला. मोठीला दोन्ही हात लावून रेटावं लागलं, अन् गवत पात्यात अडकून ती बसली ती बसलीच. लहानी मच्छिंद्रानं डाव्या हातानं ढकलली. फिरत्या पात्यानं गवत खालच्या पट्टीवर धरलं अन् कात्रीवानी कापलं. मला रडूच येत होतं, पण शेठसमोर कशाला?

"हीच द्या," मी म्हणाले.

बेस्तरवारी सकाळी मशीन मैदानात आणली. घरी आणलेलं लोखंड पूजेबिगर आमच्यात चालवत न्हाईत. हळदकुंकू वाहिलं. मच्छिंद्र म्हणाला, "माय, नारळ दगडावर फोड."

"मला शिकवून राह्यला का? नांगराच्या फाळावर फोडतेत, तसाच इथं फोडायचा."

फोडला. नारळाची दोन भकलं झाली, अन् खालची पट्टी मधोमध वाकली. पातं फिरंना. जोर लावला तर गवत मुळापासून उपटून यायला लागलं.   मशीन लोहाराकडं नेली. तो म्हणाला, "हे नाजूक पोलाद हाय, काकू. ठोकलं तर तुकडे पडतेल."

जुम्याच्या सकाळी विळा घेऊन मी बसले. शुक्रवारी कचेरीला जुम्याची सुट्टी, साहेब घरीच. पण दुसरा रस्ताच न्हाई राह्यला. अर्धं मैदान झालं अन् पुढ्यात बूट दिसले.

"मशीन कुठंय?"

"मोडली, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. "माझ्या हातून."

"खोटं बोलतोय. मी मोडली," मी म्हणाले. "नारळ फोडून."

साहेब मच्छिंद्राच्या लोंबत्या हाताकडं बघत राह्यले. "उजवा हात वर कर."

हात वर झाला न्हाई.  मी कधी कुणापुढं वाकले न्हाई, सासऱ्यापुढंसुद्धा न्हाई. त्या दिवशी साहेबांच्या बुटाजवळ डोकं टेकलं.

"त्याचा एक हात अन् माझे दोन. तिन्ही हातांचा मिळून एक माळी धरा, साहेब. खोलीतून काढू नका."

 साहेबांनी घड्याळ बघितलं.

"पाहुणे चारला येतेत. उरलेलं कापा."

ठेवलं का काढलं, ते सांगितलंच न्हाई. मी विळा उचलला. मच्छिंद्र डाव्या हातानं कापलेलं गवत गोळा करायला लागला.